निरोगी माणसाचं नाक

धाकटीला आयुष्यभराच्या कामाचं मोठं पदक मिळालं, आणि नेमकं त्याच दिवशी तिला तोंड लपवायला जागा उरली नाही. लोकांना वाटतं पदक मिळालं की माणूस फुलतो. हिचं उलटं झालं. कसं ते ऐक.

ही धाकटी मेंदूची डॉक्टर. औषधं लिहून देणारी कमी, शोध लावणारी जास्त. हात थरथरतात, पाऊल अडखळतं, चेहरा लाकडासारखा होतो, तो कंपवात असतो ना, त्याच्या मागं ती जन्मभर लागली. बाकीचे डॉक्टर डोक्याच्या आत काय बिघडलं ते यंत्रातून बघत बसायचे. ही बाहेर बाकड्यावर बसून पेशंटांच्या बायकांशी गप्पा मारायची. आणि जी ती एकच रड सांगायची, "आमच्या यांना दूध करपलेलं कळत नाही हो! गॅस सुटला तरी पेपर वाचत बसतात. हात आत्ता आत्ता थरथरायला लागलेत, नाक कधीचं गेलंय." एकीनं सांगितलं, दुसरीनं सांगितलं, तिसरीनंही तेच, तेव्हा हिच्या डोक्यात उजेड पडला. हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी नाक मरतं. नाक ही पहिली घंटा.

तिच्या विभागातले मोठे डॉक्टर पोट धरून हसले. "अहो बाई, मेंदू सोडून नाकात कसली बोटं घालताय?"

"सर, मेंदूकडे जायचा तोच जवळचा रस्ता आहे," ही म्हणाली आणि कामाला लागली.

वास ओळखायला लावायचे तर छोट्या छोट्या बाटल्या हव्यात. एकीत लवंग, एकीत साबण, एकीत रॉकेल, एकीत कॉफी, अशा. आणि बाटल्या ठेवायला पेटी हवी. ती केली तिच्या दादानं. दादा सुतार. भाऊ कसला, सोन्यासारखा हात असलेला माणूस! प्रत्येक बाटलीला अंगाबरोबर खाच, आणि वर सरकतं झाकण. करंगळीनं ढकललं तरी सुळकन जायचं, पण पेटी उलटी धरली तरी पडायचं नाही. तो कामाला होता त्या लाकडाच्या कारखान्यात सगळे म्हणायचे, दादानं लाकूड नुसतं कुरवाळलं तरी ते सरळ होतं.

आता गंमत अशी, की आजारी माणसांची नाकं तपासून भागत नाही. शेजारी धडधाकट माणसंही बसवावी लागतात, ताडून बघायला. आजारी मिळतात ढिगानं, पण धडधाकट माणूस दवाखान्यात कशाला मरायला येतोय? मग धाकटीनं घरचीच धरून आणली. शेजारीण आली, दूधवाला आला, आणि कारखान्यातून तसाच उठून दादा आला, केसांत भुसा, कानावर पेन्सिल.

धाकटीनं दादाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. लवंगेची बाटली नाकाशी धरली.

"हुंग."

"हुंगलं."

"कसला वास आला?"

"कसला म्हणजे? उघड की आधी!"

बाटली उघडीच होती. मग साबण धरला, रॉकेल धरलं. दादा म्हणाला, "धाकटे, फसवतेस काय गं? सगळ्या रिकाम्या बाटल्या देऊन भावाची परीक्षा घेतेस होय!" आणि हसला. तीही हसली. म्हणाली, "तुझ्या नाकात भुसा गेलाय नुसता. सुताराला कसला वास कळतोय!"

खरं तर नियम तिनंच घातलेला होता. कुणाला वास आला नाही तर आधी बॅटरी घेऊन नाक बघायचं, सर्दी आहे का, चोंदलंय का. मग चार दिवसांनी परत बोलवायचं. दूधवाल्याचं तिनं तसंच केलं होतं. पण दादाच्या नाकात बॅटरी मारायला तिला वेळ नव्हता. तिचा शोध छापायला पाठवायची घाई होती, आणि धडधाकटांच्या रांगेत एक मेलेलं नाक निघालं तर सगळा हिशोब डागाळत होता. तिनं दादाचा आकडा भुशाच्या नावावर खोडला. शोध कसा स्वच्छ, धुतल्या तांदळासारखा बाहेर आला.

दादाला यातलं काय ठाऊक? तो गावभर सांगत सुटला, "माझं डोकं बहिणीनं तपासलंय. मी निरोगी माणसांत आहे, छापून आलंय!" कारखान्यात कुणी वाद घातला की म्हणायचा, "गप रे, तुझं डोकं कुणी तपासलंय का?"

वर्षं गेली. धाकटी परदेशांत जाऊन भाषणं करून आली. ठिकठिकाणची तरणी डॉक्टर पोरं तिची पद्धत शिकली, घराघरातले लोक वेळेवर दवाखान्यात जायला लागले. हे तिचं पुण्य मोठं, नाही म्हणता येत नाही. पण इकडे दादाच्या हाताला काहीतरी झालं. सांधे उघडे राहायला लागले. कप्पे अडकायचे. दोन दिवसांचं काम आठवडाभर रेंगाळायचं. एकदा करवतीनं अंगठ्याचं टोक गेलं. कारखान्यात कुजबुज झाली, की म्हातारपणी बाटलीला लागलाय. वहिनी घरात तोंड सोडायची, "बसा! खुर्चीत बसून लाकूड आपोआप कापलं जातं!" आणि दादा दवाखान्याची पायरी चढला नाही. का चढेल? डोक्याचा आजार त्याला असणार कसा? बहिणीनं तपासलं होतं ना! आळसच भरलाय अंगात, असं तो स्वतःलाच म्हणायला लागला.

धाकटीच्या घरी त्यानं पुस्तकांचं कपाट करून दिलं, ते एका अंगाला कललं. पाहुणे बसलेले, त्यांच्यादेखत ही म्हणाली, "दादा, मापं घेतलीस की पेला घेतलास?" सगळे हसले. दादाही हसला. त्यानंतर महिनाभरात त्यानं कारखाना सोडला.

पदकाच्या दिवशी दुपारी ती त्याला न्यायला गेली. पहिल्या रांगेत भावाची खुर्ची राखून ठेवायला तिनं बजावून सांगितलं होतं. लोकांना दाखवायला ती जुनी पेटीही बरोबर होती. दादा नवा शर्ट घालून उभा होता आणि वहिनी त्याची बटणं लावत होती.

"बघा वन्सं, आता हेही माझ्याच गळ्यात!"

"चष्मा आणतो," म्हणून दादा आतल्या खोलीकडे निघाला. लांबलचक बोळ होता तो. धाकटी मागून बघत राहिली. डावा हात हलत होता. उजवा अंगाला चिकटून, दोरीला टांगल्यासारखा. पाऊल फरशीला घासत होतं. हीच चाल तिनं पडद्यावर दाखवून किती पोरांना डॉक्टर केलं होतं! आणि भावाची चाल तिला आज दिसली, तीही पाठमोरी.

तो परत आल्यावर तिनं पेटी उघडली आणि लवंगेची बाटली त्याच्या नाकाशी धरली.

दादा हसला. "अजून रिकाम्याच ठेवतेस होय?"

खोलीच्या त्या टोकाकडून वहिनी म्हणाली, "अगंबाई, लवंगेचा वास केवढा सुटलाय!"

झालं. दिव्याखालचा अंधार म्हणतात तो हा. धाकटीला वाटलं, आज गप्प बसावं. उद्या सांगू. एवढा दिवस तरी पार पडू दे. असं माणसाला वाटतंच. पण दादानं पायात चपला अडकवल्या आणि म्हणाला, "चल की! तुझ्या निरोगी माणसाला पुढच्या रांगेत बसायचंय."

ते ऐकून ती दारातच खाली बसली. भरजरी साडी नेसलेली, पायरीवर बसली आणि सगळं ओकली. बॅटरी मारली नाही ते. घाई होती ते. आकडा खोडला ते. "तुझा आजार बरा नसता झाला, दादा. पण गोळ्यांनी हात मोकळा राहिला असता. अंगठा वाचला असता. मला तेव्हाच दिसायला हवं होतं, आणि मी बघितलंच नाही."

दादा तिच्या शेजारी पायरीवर टेकला. मग त्यानं एवढंच विचारलं, "म्हणजे मी आळशी नव्हतो?"

"नव्हतास रे."

"हिला सांग," तो वहिनीकडे बोट करून म्हणाला. वहिनी पदर तोंडाला लावून उभी होती, तिला सांगायची गरजच नव्हती. "आणि आता कारखान्यात चल. तिथं सांग. माझ्यासमोर."

"दादा, तिकडे लोक खोळंबलेत..."

"मीही खोळंबलोच होतो की."

धाकटी गेली. भुशात चपला रुतवत उभी राहिली. मिस्त्रीनं करवत बंद केली. इतक्या सभा गाजवलेली बाई, पण चार सुतारांपुढं तिला एकेक शब्द जुळवावा लागला. कसंबसं सांगितलं, की याला दारू लागली नव्हती, आजार होता, आणि चूक माझी.

मिस्त्री म्हणाला, "बाई, तुम्ही तर याच आजाराच्या मोठ्या डॉक्टर ना?"

"हो."

"मग?"

बिचारा मिस्त्रीच ओशाळला. त्यानं स्टूल पुसून दादापुढं सरकवलं. "बस रे. आम्हीही कमी बोललो नाही तुला."

दादा बसला तो उठेचना. "तू जा," म्हणाला. "मी इथंच बरा आहे."

तिनं पदक घेतलं ते उशिरा, साडीला भुसा चिकटलेला. पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी. तिनं तिथंही सांगून टाकलं, कुणाची खुर्ची आणि का रिकामी. लोक उभे राहिले आणि टाळ्या कडाडल्या, काय प्रामाणिक बाई म्हणून! त्या टाळ्यांनी ती मेल्याहून मेली. खोडलेला आकडा ती शोधात परत घालून छापणार होती, पण कारखान्यातले शब्द कोण परत घेणार?

दुसऱ्या दिवशी ती दादाला घेऊन दवाखान्यात गेली. औषधं दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिली. दादानं तसंच सांगितलं होतं, "तुझ्याकडून नको." पुढं गोळ्या लागू पडल्या, हात थोडे सुटले, दादा दुपारचा कारखान्यात जाऊन बसायला लागला. धाकटी भेटायला गेली की तो बोलायचा, चहाही मागवायचा. पण तिची बाटल्यांची पेटी त्यानं ठेवून घेतली. झाकण सरकवून सगळ्यांना दाखवायचा, "हे बघा, हा माझा हात होता."

तिनं भीत भीत विचारलं, "दादा, पेटी देतोस का? काम अडलंय."

"ही माझी आहे. तू दुसरी करून घे, दुसऱ्या कुणाकडून तरी."

तिनं करून घेतली. तिचं झाकण अडकतं. रोज सकाळी दोन्ही हातांनी ओढावं लागतं, मग कुठं उघडतं. सगळे म्हणतात, बाई, जरा रंधा मारून घ्या. ती घेत नाही.