शेपटावरची खीर

जालिंदर ओहोळ माणसाची पारख त्याच्या गाडीच्या मागे काय जोडलंय यावरून करी. मागे काहीच नसेल, तर तो माणूस त्याच्या लेखी हिशेबातच नव्हता. मोटारवाल्यांना तो 'काचेतले' म्हणे, एसटीच्या ड्रायव्हरला 'घंटीचा गुलाम', आणि एकच ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला नुसतं 'हातगाडी'. स्वतः त्याने श्रीगोंद्याकडच्या रस्त्यांवर अर्धं आयुष्य ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून साखर कारखान्याला ऊस वाहिला होता. त्या सीटवरून सगळं जग खाली दिसतं. जालिंदरचा समज असा झाला होता, की ते खालीच आहे.

पोरीच्या नामकरणाला तो कारखान्याच्या वाटेवरून थेट विहारापुढे आला आणि भरलेल्या दोन्ही ट्रॉल्या दारातच आडव्या लावल्या. निम्मे पाहुणे लोंबत्या उसाखालून वाकून आत गेले. पोरीचं नाव यशोधरा ठेवलं, हे तो बाहेर हॉर्न वाजवत बसलेला असताना त्याला कुणीतरी येऊन सांगितलं. ही हकीकत तो आजही कौतुकाने सांगतो. त्याची बायको भामाबाई ती सुरू झाली की उठून जाते.

उसाच्या ट्रॉलीबद्दल त्याचं एक ठाम मत होतं. ऊस मागून दोन हात बाहेर लोंबला पाहिजे. न लोंबणारी खेप ही खेपच नव्हे. मागच्या गाडीवाल्याच्या तोंडावर उसाच्या शेंड्याचं वाढं फिरलं नाही, तर त्याला कळणार कसं की पुढे कोण चाललंय?

मग एका हंगामात ट्रॅक्टरच्या मालकाने जालिंदरच्या जागी स्वतःचा पुतण्या बसवला. जालिंदरला कुणी 'जा' म्हटलं नाही. बोलावलं नाही, एवढंच. "पोरगं ट्रॉली मागं घेताना मोबाईलात बघतंय," तो चहाच्या टपरीवर सांगत राहिला. "चार दिसात खड्ड्यात जाईल." पुतण्या काही खड्ड्यात गेला नाही. हंगाम संपला, दुसरा आला, तोही संपला. जालिंदर टपरीवरच होता, आणि आता त्याच्या मागे काहीच जोडलेलं नव्हतं.

या काळात घर चालत होतं भामाबाईच्या स्वयंपाकावर. साखरपुडे, नामकरणं, मयतानंतरचं पुण्यानुमोदन. आसपासच्या वस्त्यांवर शंभरेक पानांचा कार्यक्रम असला की लोक तिलाच बोलवत. अडचण एकच होती, वाहतुकीची. सूर्यभानचा टेम्पो ठरवावा, तर सूर्यभान आधी दुसऱ्याचं भाडं मारून यायचा आणि वर म्हणायचा, "वैनी, भाजी थोडी उशिरा शिजली म्हनून काय चव बदलती का?"

शेवटी भामाबाईने ठरवलं, घरच्या मोटरसायकलच्या मागे जोडायची छोटी ट्रॉली घ्यायची. दारातून निघावं, कालव्याच्या कडेने जावं, कुणाच्या तोंडाकडे बघायला नको.

श्रीगोंद्यात आमोस वैरागरचं वेल्डिंगचं शेड होतं. तो अशा ट्रॉल्या बनवायचा. भामाबाई, जालिंदर आणि डिप्लोमा करून कारखान्याच्या वर्कशॉपात लागलेली यशोधरा, अशी तिघं तिथे गेली.

"सलाम, जालिंदरभाऊ," आमोस म्हणाला. "आज हिकडं कुठं? तुमच्या लायकीचं माझ्याकडं काय न्हाई."

"जय भीम. दिसतंयच ते," जालिंदर म्हणाला.

शेडात तीन ट्रॉल्या होत्या. एक होती एका चाकाची, अरुंद. दुसरी दोन चाकांची, बुटकी, आखूड, चाकं पेटीच्या मध्यापासून जराशी मागे. तिसरी चांगली लांबलचक, उंच कठड्यांची. कुणीतरी सांगून बनवून घेतलेली आणि परत कधी न नेलेली. जालिंदर सरळ तिसरीपाशी गेला आणि तिच्या कठड्यावर हात ठेवून उभा राहिला, बैलबाजारात गिऱ्हाईक बैलापाशी राहतं तसा.

"ही."

"ती न्यायला म्हैस लागंल," आमोस म्हणाला. "तुमची गाडी शंभर सीसीची हाय. ही बुटकी न्या. सामान चाकाच्या जरा पुढं ठेवायचं, म्हंजी हुकावर थोडा भार राहतोय अन् गाडी सरळ चालती."

"याला ट्रॉली म्हनत्यात व्हय? कोंबड्यांचं खुराडं हाय हे. लोकं विचारतील, अंडी कशी दिली."

"पप्पा, आपल्याला पातेली न्यायचीत," यशोधरा म्हणाली. "कारखाना न्हाई न्यायचा."

"तू गप. तू जन्मायच्या आधी मी दोन ट्रॉल्या वढत हुतो."

"त्या चार-चार चाकांच्या हुत्या."

ही गोष्ट खरी होती आणि महत्त्वाची होती, म्हणूनच जालिंदरने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. उसाच्या ट्रॉलीला दोन चाकं पुढे आणि दोन मागे असतात. तिच्या शेपटाला कितीही ऊस लोंबला तरी ती पुढून उचलत नाही. ती आपल्या चार पायांवर उभी असते. दोन चाकांची गाडी म्हणजे बागेतली वरखाली होणारी फळी. मागे जड झालं की पुढे वर. हे लहान पोरांना खेळताना कळतं. पण जालिंदर इतकी वर्षं इतक्या उंचावर बसला होता, की खाली चाकं किती आहेत हे बघायची वेळच त्याच्यावर आली नव्हती.

भामाबाईने बुटकी ट्रॉली घेतली.

दुसऱ्या दिवसापासून जालिंदर कामाला लागला. जुन्या लोखंडी कॉटचे अँगल कापून त्याने ट्रॉलीच्या मागे दोन हात बाहेर निघणारी फळी जोडून घेतली. आमोसकडे नव्हे, गावातल्याच एकाकडून, जो सांगेल ते जोडतो आणि का ते विचारत नाही. फळीला निळा रंग दिला. कडेने पंचरंगी पताका लावल्या. मागे लोंबणारं काहीतरी आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच तुकतुकी आली.

"आता दिसती ट्रॉली," तो टपरीवर म्हणाला. टपरीवरच्या रिकामटेकड्यांनी माना हलवल्या. त्यांच्यापैकी कुणीही आयुष्यात काही ओढलं नव्हतं, विडीच्या झुरक्याशिवाय.

वैशाखी पौर्णिमा जवळ आली होती. कालव्यापलीकडच्या वस्तीवरच्या विहारात त्या दिवशी खीर वाटतात. तिथली राहीबाई, ऐंशीच्या पुढची, सगळ्या वस्तीवर दरारा असलेली बाई, स्वतः भामाबाईकडे आली. "खीर तुझी," ती म्हणाली. "पन ध्यानात ठेव, आमी म्हाताऱ्या बाया अष्टशील घेनार. दुपार कलली की आमी तोंडात काय घालत न्हाई. मागनं आलेली खीर आमच्या कामाची न्हाई."

त्या संध्याकाळी भामाबाईने नवऱ्याला समोर बसवलं.

"राहीबाईची खीर दुपारच्या आत अन् न सांडता पोचली, तर ट्रॉली तुमची. पुढं कायमची तुमीच चालवायची, मी मधी बोलनार न्हाई. न्हाई पोचली, तर हँडल यशीच्या हातात. मग टपरी हाय अन् तुमी हाय."

"अगं, दोन ट्रॉल्या..."

"त्या दोन ट्रॉल्यांचं मला सांगू नका. एक पातेलं सांगा."

जालिंदर हसला. पण त्या रात्री त्याने मोटरसायकल दोनदा पुसली. सीट एकदा गेलं की काय होतं, हे त्याला माहीत होतं. हे शेवटचं सीट होतं, आणि तेही बायकोने दिलेलं.

पौर्णिमेच्या सकाळी खिरीचं मोठं पातेलं अंगणात तयार होतं. तांदळाची दाट खीर, वर झाकण, झाकणावर फडकं बांधलेलं. यशोधराने पातेलं ट्रॉलीत पुढच्या बाजूला ठेवायला लावलं. जालिंदरने ते उचलून मागच्या फळीवर नेलं.

"पप्पा, सगळं वजन चाकाच्या मागं जातंय. पुढून उचलंल."

"खीर लोकांना दिसाया नको? मागनं पळी घातली की वाढता यावी. तिथं पेटीत काय वाकून वाढनार का राहीबाई?" त्याने दोरी करकचून आवळली. "अन् उचलंल कशी? बघ." त्याने मोटरसायकलचं सीट हाताने दाबलं. ते जरा जास्तच सहज खाली-वर झालं, पण तेवढं बघायला तो थांबला नाही.

भामाबाई मागे बसली. यशोधरा तिच्या स्कूटीवरून पाठीमागून निघाली.

आणि गाडी चालली. छान चालली. कालव्याच्या कडेचा रस्ता सपाट होता, पताका फडफडत होत्या, जालिंदर ताठ बसला होता. समोरून सूर्यभानचा टेम्पो आला, तसा त्याने आपला वेग कमी करून त्याला नीट बघू दिलं. "खुराड्याला पंख फुटले वाटतं," सूर्यभान खिडकीतून म्हणाला. एकच ट्रॉली असलेल्यांशीसुद्धा जालिंदर बोलत नसे, याला तर ट्रॉलीच नव्हती.

गाडी नीट का चाललीय, याचं कारण त्याच्या मागच्या सीटवर बसलं होतं. भामाबाई अंगाने चांगली भक्कम. तिचं वजन बरोबर मागच्या चाकावर पडत होतं आणि शेपटाची ओढ त्याखाली दबून होती. पण जालिंदरला बायकोचा आधार कधी दिसला नव्हता. तो आज दिसेल असं मानायचं काही कारण नव्हतं.

पलीकडच्या वस्तीला जायला कालव्यावरचा पूल ओलांडावा लागतो, आणि पुलाला आधी चांगला उभा चढ आहे. चढाच्या पायथ्याला जालिंदरने गाडी थांबवली. चढावर ड्रायव्हरशिवाय कुणालाही गाडीवर ठेवायचं नाही, ही त्याची ट्रॅक्टरवरची शिस्त. बिचारे ऊसतोड मजूर वर्षानुवर्षं त्या शिस्तीपायी चढ पायी चढले होते.

"उतर."

"मी?"

"मग काय खीर उतरवू? लोड कमी कर. वर पुलावर बस पुन्हा."

भामाबाई उतरली. यशोधरा मागून ओरडली, "आई, उतरू नको," पण तोवर जालिंदरने पहिला गिअर टाकून गाडी चढाला लावली होती.

चार-पाच हात गाडी गेली. मग चढाने पातेलं मागे झुकलं, खीर आतल्या आत शेपटाकडे धावली, ट्रॉलीचं शेपूट खाली बसलं आणि हूक वर आला. हुकाबरोबर मोटरसायकलचं मागचं चाक जमिनीवरून अलगद उचललं गेलं. जालिंदरने अॅक्सिलेटर पिळला. चाक हवेत गरगर फिरू लागलं, इंजिन बोंबलू लागलं, आणि गाडी आहे तिथेच. निळी फळी मागे खडीवर टेकली होती. त्या टेकलेल्या फळीमुळेच गाडी उताराला लागली नाही. जालिंदरचे दोन्ही पाय जमिनीला पुरत नव्हते. तो पंजांनी हवा चाचपत, हँडलला धरून, पूर्वी कधी नव्हता इतक्या उंचावर बसला होता.

झाकणाखालून खीर पाझरली. फडक्यातून, पताकांवरून, खडीवर.

पलीकडून विहाराला निघालेली माणसं पुलावर थांबली. एका तरुणाने मोबाईल काढला. टेम्पो वळवून सूर्यभानही तिथे आला होता, काही काम नसताना.

"जालिंदरभाऊ," तो म्हणाला, "चाक हवेत फिरवलं की पेट्रोल कमी जातं का?"

"हूक खराब हाय," जालिंदर वरून म्हणाला. "त्या आमोसनं हूकच चुकीचा जोडलाय."

भामाबाई गाडीकडे आली आणि तिने आपले दोन्ही हात मागच्या सीटवर ठेवून नुसता भार दिला. चाक खाली टेकलं. मग ती यशोधराला म्हणाली, "चावी काढ." यशोधराने गाडी बंद केली. पुलावरच्या दोघा-तिघांनी पातेलं फळीवरून उचललं आणि पेटीत पुढे, हुकाकडे सरकवून बांधलं. वरचा थर गेला होता, फार नव्हता गेला. सूर्य अजून डोक्यावर यायचा होता.

"यशे, हँडल घे," भामाबाई म्हणाली.

जालिंदर उतरला. त्याने इकडेतिकडे पाहिलं. "चढ हाय. पोरीला जमनार न्हाई," तो म्हणाला. यशोधराने गिअर टाकला आणि गाडी चढ चढून पुलापार गेली, कसलीही कुरकुर न करता. भामाबाई यशोधराची स्कूटी चालवत तिच्या मागे गेली. जालिंदर आणि त्याची सांडलेली खीर मागे राहिली. सूर्यभानने टेम्पोचं दार उघडून धरलं होतं, पण जालिंदर चालत गेला.

विहारात पोचला तेव्हा राहीबाई वाटी चाटूनपुसून बाजूला ठेवत होती. इतर म्हाताऱ्यांचंही खाऊन झालं होतं. "बरी झाली," ती भामाबाईला म्हणाली, आणि तिच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पुढच्या वर्षीचं आमंत्रणच. मग तिची नजर दारात उभ्या जालिंदरवर गेली. "ह्यो कोन? ट्रॉलीबरोबरचा मानूस का?"

"व्हय," भामाबाई म्हणाली.

जालिंदरने खीर घेतली नाही. दुपार कलली म्हणाला. त्याने अष्टशील घेतलं नव्हतं.

फळी दुसऱ्याच दिवशी कापली गेली. ती आमोसने कापली, आणि कापताना एकही टोमणा मारला नाही, जे जालिंदरला जास्त लागलं. आता यशोधरा सुटीच्या दिवशी ट्रॉली चालवते, इतर दिवशी भामाबाई स्वतः मोटरसायकल चालवायला शिकतेय. सामान चाकाच्या पुढे असतं, गाडी सरळ जाते.

मागच्या सीटवर जालिंदर असतो. ट्रॉली निघायच्या आधी तो येऊन बसतो, कुणी बोलावलेलं नसताना, आणि चढ आला की सीटची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून खाली दाबून बसतो. आता त्या दाबाची गरज नाही. भार हुकावर बरोबर पडतो. भामाबाई त्याला उतरवत नाही. टपरीवर मात्र तो वेगळं सांगतो.

"हँडल काय, कुनीबी धरतंय," तो म्हणतो. "मागं बसनारा पक्का लागतो. मी उतरलो की ती गाडी जाग्यावरनं हालत न्हाई."

रिकामटेकडे माना हलवतात.