पुसून टाकलेला नामदेव

मुंबईच्या एका मालिका-निर्मात्याने माझ्या मित्राला, नामदेवला, फसवलं. नामदेवने आयुष्यात टीव्हीसाठी एकदाच काम केलं, ते या माणसाने पुसून टाकलं आणि वर त्याला सांगितलं की परदेशातल्या लोकांनी तुझं काम पाहिलं, त्यांना फार आवडलं. खरं काय ते मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो, हेही इथेच लिहितो. नामदेवला जाऊन सव्वा महिना झाला. त्याच्या मुलीचा, सुनीताचा, डिंभ्याहून फोन आला तेव्हा मी नारायणगावात आमच्या राहुटीत होतो आणि समोर एका गावची पंचमंडळी जत्रेचा तमाशा ठरवायला बसली होती. "काका, आप्पा गेले," एवढंच ती म्हणाली. मी पंचांकडे वळलो, त्यांनी शेवटचा जो आकडा सांगितला होता त्याला हो म्हणालो आणि उठलो. घासाघीस न करता उठल्याचं मला तरी दुसरं आठवत नाही.

ज्यांना आमचा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जत्रांच्या हंगामाआधी तमाशाचे फड नारायणगावात राहुट्या टाकून बसतात. गावोगावचे लोक येतात, तारीख ठरते, तंबू, गाडी, जेवण ठरतं, हातात सुपारी पडली की बोलणं संपलं. मी या गावात तंबूच्या खुंट्या ठोकायला आलो होतो. आज एका फडाची बोलणी मी करतो, आणि माझ्याशी बोलणी करून हसत गेलेला माणूस क्वचित सापडेल. नामदेव आमच्या फडाचा सोंगाड्या. मढच्या वरच्या अंगाच्या वाडीतला, घरी डोंगरउताराची भातखाचरं. काटकुळा, मोठ्या कानांचा. पण लोक त्याच्या बोलण्यावर जेवढे हसायचे त्याहून जास्त त्याच्या ऐकण्यावर. समोरचा राजा बोलत असायचा आणि प्रेक्षक मात्र ते ऐकणाऱ्या नामदेवकडे बघत असायचे. राजाचं काम करणारे आमचे मास्तर यावरून त्याच्याशी भांडायचे. "नाम्या, गप उभा ऱ्हा की जरा!" तो म्हणायचा, "मास्तर, गपच तर हाय मी."

नऊ-दहा वर्षांपूर्वी एका जत्रेत सकाळच्या हजेरीच्या खेळाला मुंबईची माणसं आली. हजेरीचा खेळ दिवसाउजेडी असतो, त्यामुळे चेहरे नीट दिसतात. खेळ संपल्यावर निर्माता माझ्याकडे आला. परदेशात एक मालिका गाजली होती, तिच्यातला नायक कोसभर लांबची हाक ऐकतो आणि मदतीला धावतो. ती त्यांना मराठीत करायची होती. आधी नमुन्याचा एक भाग बनवायचा, तो वाहिनीला दाखवायचा. नायकाचं नाव ठेवलं होतं नादवीर. खोडदला आकाशातल्या लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीच्या मोठ्या अँटेना उभ्या आहेत, त्यांच्या मागच्या शेतांत चित्रीकरण. "आम्हाला असा चेहरा शोधून सापडत नव्हता," निर्माता म्हणाला, आणि त्या वेळी तो खोटं बोलत नव्हता. मी ठरवायला बसलो. गाडी दारातून दारापर्यंत. जेवण युनिटबरोबर, मागाहून नाही. दुखापत झाली तर दवाखाना त्यांचा. फडाच्या तारखांना हात लावायचा नाही. निर्माता घामाघूम झाला. मी खूश होतो... आणि त्याच बैठकीत मी नामदेवचं वाटोळं केलं, हे मला फार पुढे कळलं.

चित्रीकरण चार दिवस चाललं. पहिल्याच दिवशी त्यांनी नामदेवला रबराचा निळा पोशाख दिला. खोडदचं ऊन, आणि अंगाला चिकटलेलं रबर. बांधावर बसलेल्या माणसांना आयतीच करमणूक मिळाली. "काय पावणं, टायर घातलाय का?" एक जण ओरडला. दुसरा म्हणाला, "राव, ह्याला म्हनं लांबचं ऐकू येतं. घरी बायकू काय म्हनती ते तरी येतं का?" नामदेव तिथूनच म्हणाला, "ते ऐकू येतं म्हून तर हितं आलोय." मग त्याने दिग्दर्शकाला बाजूला घेऊन सांगितलं, "सायेब, हे काढू का? ह्याच्यात शिरायला दोन मानसं लागत्यात. तवर त्यो हाक मारनारा मरंल की." दुपारी त्याने एका मेंढपाळाची घोंगडी मागून घेतली, खांद्यावर टाकली आणि उभा राहिला. दिग्दर्शक म्हणाला, "असंच राहू दे." रबर परत पेटीत गेलं.

शेवटच्या दिवशीचा प्रसंग असा होता की नादवीर बांधावर उभा आहे आणि लांब कुठेतरी विहिरीत पोर पडलंय. नामदेवला एक शब्दही बोलायचा नव्हता. तो उभा राहिला, मान किंचित वळवली आणि ऐकायला लागला... काय सांगू? आमचेही कान तिकडे लागले, मध्ये वाऱ्याचासुद्धा त्रास व्हायला लागला. खुरपणाऱ्या बायका खुरपी धरून तशाच थांबल्या. एक म्हातारी पदर खोचत उठली. "आरं, कुनाचं तरी लेकरू पडलंय, चला की!" असं म्हणत ती खरोखरच विहिरीकडे चालायला लागली. तिला धरून आणावं लागलं. वीस वर्षं मी नामदेवला रंगमंचावर बघत होतो, पण असा कधी बघितला नव्हता. आणि एकाच्याही मोबाइलमध्ये त्याचा तुकडा नाही, कारण अँटेनाजवळ मोबाइल नकोत म्हणून त्यांनी सगळ्यांचे बंद करून पेटीत घेतले होते. जे होतं ते फक्त त्यांच्या कॅमेऱ्यात.

पुढे काही महिने सामसूम. मी फोन करून करून पिच्छा पुरवल्यावर निर्मात्याने नामदेवशी बोलायची तयारी दाखवली. म्हणाला, "नामदेवजी, परदेशातल्या मालकांनी भाग पाहिला. तुमच्यावर खूश आहेत. पण हक्क द्यायला तयार नाहीत. सगळं पुसायला सांगितलंय, आमचा नाइलाज आहे." नामदेवने फोन ठेवला आणि माझा हात धरला. "शेट, तिकडं बगितलं म्हनं त्यांनी!" पुसल्याचं त्याच्या कानातच शिरलं नव्हतं. त्या हंगामात त्याने ही गोष्ट प्रत्येक गावात सांगितली. चहाच्या टपरीवर सांगितली, वाडीत सांगितली. कुणी चेष्टा केली तर म्हणायचा, "तुमी नका बगू. सायबांनी बगितलंय."

दुसऱ्या वर्षी त्या युनिटमधला, संकलन करणारा माणूस मला नारायणगावात भेटला. त्याने सांगितलं की परदेशात काहीच गेलं नव्हतं. हक्क मागणारं पत्र गेलं होतं, त्याला उत्तरसुद्धा आलं नाही. वाहिनीने अंग काढून घेतलं, आणि साबणाच्या जाहिरातीचं चित्रीकरण साठवायला जागा हवी म्हणून यांनी हार्ड डिस्क पुसली. साबणाची जाहिरात! मी तिथूनच निर्मात्याला फोन लावला. तोंडात येईल ते बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "शेठ, एक प्रत तुम्हाला द्यायची, असं काही ठरलं नव्हतं."

नव्हतंच ठरलं. गाडी ठरली, जेवण ठरलं, दवाखाना ठरला. प्रत मागायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण आमच्यात मागे काही उरतच नाही. खेळ झाला, कनात उतरली, गाड्या पुढच्या गावाला. खेळ विकायचा मला माहीत होता, तो ठेवायचा असतो हे माहीत नव्हतं. "ठरलं नव्हतं" हे वाक्य मी स्वतः शंभर गावच्या पुढाऱ्यांच्या तोंडावर मारलंय. म्हणून त्या दिवशी मी फोन ठेवला. पण आज सांगतो. प्रत ठरली नव्हती हे खरं. खोटं बोलायचंही ठरलं नव्हतं.

नामदेवला मी सांगितलं नाही. कसं सांगणार होतो? छातीच्या दुखण्याने त्याचं काम सुटलं, तो आणि त्याची बायको, हिरावहिनी, डिंभ्याला लेकीकडे राहायला आले. मी अधूनमधून जायचो. शेवटचा गेलो तेव्हा तो ओसरीत उशीला टेकून बसला होता. दम लागत होता, थांबून थांबून बोलत होता. "शेट... म्हातारी इहिरीकडं निगाली व्हती, आठवतंय का? ते बी त्यांनी तिकडं बगितलं आसंल, न्हाई?" मी म्हणालो, "बघितलं असणारच." त्याने डोळे मिटले आणि समाधानाने मान हलवली. घाटावर दहावा झाला तेव्हा मला तीच मान दिसत होती.

त्या दिवशी सगळे गेल्यावर सुनीता म्हणाली, "काका, ते परदेशातल्या लोकांकडं असंल ना अजून? मागून घ्या की. आईनं कधीच न्हाई बगितलं." खरंच होतं. चित्रीकरणाच्या वेळी हिरावहिनी वाडीत भात झोडत होत्या. मग मी दोघींना सगळं सांगितलं. वहिनी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हंजी कुनीच न्हाई बगितलं?" आणि मग, "भाऊ, तुमी तर तितं व्हता. कसा दिसत व्हता, सांगा की."

मी सांगायला लागलो. घोंगडी सांगितली, म्हातारी सांगितली, वारा सांगितला... गावंच्या गावं बोलण्यात गुंडाळणारा मी, पण वहिनींच्या चेहऱ्यावर काही उमटेना. त्या वाट बघत राहिल्या आणि मला तो माणूस शब्दांत उभा करता आला नाही.

म्हणून हे त्या निर्मात्यासाठी लिहितोय. तुमचं नाव मी छापत नाही, पण वाचताना तुम्हाला ओळख पटली असेल. मी तुमच्याकडे भरपाई मागत नाही. तुम्ही नामदेवला भिंगातून बघितलंत, माझ्यापेक्षा जवळून बघितलंत, आणि मग पुसलंत. आता डिंभ्याला या. हिरावहिनींच्या समोर खाली बसा आणि त्या विचारतात त्याचं उत्तर द्या. तो कसा दिसत होता?