स्वतःचा कागद

मुलांनो,

"आजी, मला प्रदर्शनाचं वार्तांकन करायचंय, कुठला फोन घेऊ?" असं तुमच्यातल्या धाकटीने परवा विचारलं, तेव्हा "विचार करून सांगते" म्हणून मी विषय टाळला. कॅमेरा, बॅटरी यांबद्दल इंटरनेट माझ्यापेक्षा जास्त सांगेल. मला सांगायचं होतं ते आजोबांच्या फोनबद्दल, आणि ते बोलून सांगणं मला जमलं नसतं. म्हणून लिहिते आहे.

आजोबा छापखानेवाल्यांच्या एका मासिकासाठी छपाई यंत्रांच्या प्रदर्शनांवर लिहीत. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला. उरली ती घोगरी कुजबुज. हात आधीपासूनच कापत, त्यामुळे लिहिणं सुटलेलं. दिसेल ते त्यांनी रेकॉर्डरवर बोलायचं आणि डोंबिवलीला घरी आल्यावर मी ते ऐकून टाइप करायचं, अशी आमची पद्धत. त्या वर्षी रेकॉर्डरही बंद पडला. संपादकांनी चाचरत विचारलं, "या वेळी दुसऱ्या कोणाला पाठवू का?" आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत.

मी माझ्या सवयीप्रमाणे इंग्रजी परीक्षणं वाचून फोन ठरवला. गोंगाटातही आवाज स्वच्छ टिपतो म्हणून सगळ्यांनी वाखाणलेला. नौपाड्यातल्या दुकानातली विक्रेती तो घेऊन रस्त्यावर गेली आणि रिक्षांच्या हॉर्नमध्ये उभी राहून बोलली. आत येऊन तिने ऐकवलं. हॉर्न गायब, तिचा आवाज खणखणीत.

"बघा आजी, आहे की नाही जादू?"

मी पर्स उघडली. आजोबांनी माझा हात धरला. "अगं, थांब. स्वतःचा कागद."

हा त्यांचा वाचकांना नेहमीचा सल्ला. प्रदर्शनात यंत्र बघायला जाताना आपल्या छापखान्यातला कागद बरोबर न्या. तिथे उत्तमातल्या उत्तम कागदावर छापून दाखवतात; आपल्याला रोज आपल्याच कागदावर छापायचं असतं.

ते बाहेर जाऊन फोनवर दोन-तीन वाक्यं बोलले. आम्ही आत ऐकलं. काहीच नव्हतं. हॉर्न नव्हते आणि आजोबाही नव्हते. फोनने त्यांचा आवाज गोंगाटात धरला होता आणि पुसून टाकला होता.

विक्रेती गोरीमोरी झाली. "सॉरी हं, आजोबा."

"असू दे गं," ते माझ्याकडे बोट दाखवत कुजबुजले. "माझं बोलणं न ऐकणारं एक घरी आहेच. दुसरं कशाला विकत घ्यायचं?"

ती हसली. मला हसता आलं नाही.

मग आवाज गाळण्याची ती सोय बंद करता येईल असा एक साधा फोन तिने शोधून काढला. त्यात सगळा रस्ता आला. हॉर्न होते, कोणीतरी रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडत होतं, आणि त्या सगळ्याखाली, खरखरत, आजोबा होते. तोच घेतला.

प्रदर्शनात यंत्रांच्या धडधडीत एका कारखानदाराने त्यांच्या तोंडाशी कान नेला. "काका, एवढं हळू? कोणाचा भाव फोडताय की काय?" आजोबा हसले आणि फोन ओठांशी धरून बोलत पुढच्या स्टॉलकडे गेले. घरी मी एकेक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत टाइप केलं. लेख त्यांच्या नावाने छापून आला. दुसऱ्या कोणाला पाठवण्याचा विषय संपादकांनी पुन्हा काढला नाही. पुढच्या प्रदर्शनापर्यंत आजोबाच राहिले नाहीत.

तर बाळ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दुकानदाराच्या आवाजावर फोन पसंत करू नकोस. तिथे तुझ्याशी जे बोलतील, त्यांतलं सगळ्यांत हळू बोलणारं माणूस मनात धर आणि मग निवड.

आजोबांचा फोन आता चार्जरला लावल्याशिवाय चालत नाही. ऑपरेशनपूर्वीचा त्यांचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही; टाइप झालं की रेकॉर्डरवरचं मी पुसून टाकत असे, जपून ठेवावं असं कधी सुचलं नाही. त्या प्रदर्शनातलं रेकॉर्डिंग मात्र आहे. यंत्रांच्या आवाजाखाली आजोबा ऐकू येतात.