बिनहाताच्या जावईबापूंचं जॅकेट

कारखान्यात तिला सगळे टाचणी म्हणत. अंगानं काटकुळी, नाक सरळ, आणि बोलणं असं की समोरच्याला टोचल्याशिवाय राहायचं नाही. गंमत म्हणजे तिच्याच टेबलावर टाचणीला सक्त मनाई होती. तिथं डोंगर चढणाऱ्यांची जॅकेटं शिवली जायची. कापड कांद्याच्या सालीइतकं पातळ. बाहेरचा वारा आत येऊ देत नाही, पण चढणाऱ्याच्या अंगातली वाफ बाहेर सोडतं. घडी घातली की अख्खं जॅकेट स्वतःच्याच खिशात मावतं. अशा कापडाला एकदा भोक पडलं की बुजत नाही. म्हणून टाचण्यांच्या जागी चिमटे लावायचे, आणि टीप चुकली तर उसवायची सोय नाही. जे काय करायचं ते पहिल्याच फटक्यात. त्यामुळे नव्या जॅकेटचा पहिला नग, म्हणजे सॅम्पल, शिवायला गेली एकवीस वर्षं टाचणीच बसत होती. सुईत दोरा ओवताना ओठातल्या ओठात देवाचं नाव घ्यायची, आणि मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत देवाशीसुद्धा बोलायची नाही.

टेबलाशेजारी एक पुतळा उभा असे. डोकं नाही, हात नाहीत, नुसतं रुंद छातीचं धड. त्याला सगळ्या बायका जावईबापू म्हणत. काम काडीचं नाही, रोज नवा कपडा, आणि पाच माणसं भोवती उभी राहून विचारणार, कुठं काचत नाही ना!

नवे मॅनेजर आले आणि तिसऱ्याच महिन्यात त्यांनी कटिंग मास्तरांना सांगितलं, “काखेतला तो तुकडा काढून टाका. चार शिवणी वाचतील.”

तो तुकडा म्हणजे पतंगाच्या आकाराचं तळहाताएवढं कापड. बाही आणि अंग यांच्यामध्ये, काखेत बसवायचं. हात खाली असताना ते दिसतही नाही. पण हात वर गेला की तेच उलगडतं, आणि जॅकेट कमरेला जिथल्या तिथं राहतं.

मास्तर भला माणूस, पण वरून हुकूम आला की त्याला फक्त कात्री दिसायची. त्यानं बिनतुकड्याचं जॅकेट कापून दिलं, टाचणीनं ते शिवलं. जावईबापूंच्या अंगावर ते इतकं चोख बसलं की मॅनेजर लांबून बघून म्हणाले, “पाहिलंत? काही फरक पडला?”

“साहेब, याला हातच नाहीत,” टाचणी म्हणाली. “हात असलेल्या माणसाला घालून बघा.”

“बाई, तुमचं काम शिवायचं. परवा खरेदीदारांचा माणूस येतोय. त्याच्यासमोर कार्डावर सही करायची, बस.”

तो तिथला जुना नियम. सॅम्पल ज्यानं शिवलं त्यानं खरेदीदाराच्या माणसासमोर कार्डावर सही करायची. सही म्हणजे, मी शिवलंय आणि हे अंगात घालण्याजोगं आहे. त्यावर मग खालच्या मजल्यावर तसेच दोन हजार नग शिवायचे.

“नाही करणार,” ती म्हणाली.

मॅनेजरांनी पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवला, जणू तो त्यांच्याच बाजूचा. “मग खालच्या मजल्यावर दोरे कापायला जावं लागेल. विचार करा.”

दोरे कापणं म्हणजे तयार कपड्यांच्या शिवणींना लोंबणारे धागे दिवसभर कातरायचे. नव्या मुलींना पहिले दोन महिने तिथं बसवत. एकवीस वर्षांनी तिथं जायचं म्हणजे सगळ्यांदेखत नाक कापून घेणं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा मोरीपाशी ब्रश धूत बसला होता. तो रंगारी. डावं मनगट वाकडं जोडलं गेलेलं, म्हणून ब्रश उजव्या हातात आणि डब्याची कडी कोपरात.

“चहा टाकू का?” त्यानं विचारलं. तिचा चेहरा बघून लगेच म्हणाला, “अगं, कुणाला टोचून आलीस?”

तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग भिजलेला ब्रश झटकून म्हणाला, “एवढ्याशा तुकड्यासाठी खुर्ची सोडणार?”

ती त्याच्या मनगटाकडे बघत राहिली.

लग्नानंतर तिनं त्याच्यासाठी पहिला शर्ट शिवला होता. मापं घेताना तो नवरदेवासारखा हात खाली सोडून ताठ उभा, आणि हिनंही कौतुकानं तशीच मापं घेतली. शर्ट असा बसला की शेजारीण म्हणाली, दुकानातला का? चौथ्या दिवशी तोच शर्ट घालून तो फळीवर उभा राहिला आणि छताचा कोपरा रंगवायला गेला. हात वर नेला, शर्ट काखेत अडकला, हात मध्येच थांबला, आणि तोल गेला. दवाखान्यात त्यानं तिला एका शब्दानं दोष दिला नाही. तिनं मात्र देवासमोर बसून कबूल केलं होतं की चूक माझी, मी उभ्या माणसाचं माप घेतलं, काम करणाऱ्याचं नाही. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक शर्टाच्या काखेत एक तुकडा असायचा.

तिची नजर त्याच्या लक्षात आली. “ते जुनं काढू नकोस,” तो म्हणाला. “मी फळीवरून पडलो. चार फूट.”

“हो ना. आणि हे जॅकेट घालणारा?”

त्यानं ब्रश उभा करून ठेवला. “मग नको करूस सही,” म्हणाला, आणि चहा टाकायला उठला.

खरेदीदाराचा माणूस आला तो उन्हानं सोललेल्या नाकाचा, बोटांना घट्टे पडलेला. जावईबापूंभोवती त्यानं दोन चकरा मारल्या, शिवणींवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. मॅनेजरांनी कार्ड आणि पेन टाचणीपुढे सरकवलं.

टाचणीनं पेन उचललं नाही. ती पुतळ्याकडे गेली, त्याच्या अंगावरचं जॅकेट उतरवलं आणि स्वतःच्या अंगात घातलं. खांदे तिला मोठेच होते, त्यामुळे जॅकेट सैलसर बसलं. तिनं ड्रॉवरमधून एक पट्टा काढून कमरेवर आवळला.

“बाई, हे काय चाललंय?” मॅनेजर म्हणाले.

“सही करायच्या आधी बघून घेते, साहेब.”

कापडाचे तागे ठेवायच्या मांडणीला लोखंडी शिडी टेकवलेली होती. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी टाचणी त्या शिडीवर चढायला लागली. मशिनी एकेक करून थांबल्या. मास्तर धावत येऊन शिडी धरून उभा राहिला. “टाचणीबाई, माझ्या डोक्यावर पडू नका, मला चार पोरी उजवायच्यात!”

सातव्या पायरीवर तिनं दोन्ही हात वरच्या पायरीला घातले. जॅकेट पट्ट्यातून सुटलं आणि सरसर वर जाऊन छातीखाली गोळा झालं. एवढं सैल असूनही.

“साहेब,” ती वरूनच म्हणाली, “डोंगरावर याच्या कमरेला दोर बांधलेला असतो. उघड्या पोटावर वारा येतोय, हात पुढं जात नाहीये. त्यानं काय करायचं? जावईबापूंसारखे हात घरी ठेवून चढायचं?”

बायका खो खो हसल्या. सोललेल्या नाकाचा माणूस हसला नाही. टाचणी उतरेपर्यंत तो तिच्या काखेकडेच बघत होता. मग मॅनेजरांना म्हणाला, “आमच्या कागदावर इथं एक तुकडा होता. कुठं गेला?”

दोन हजारच्या दोन हजार नगांना तुकडा लागणार असं ठरलं. कार्ड कोरंच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टाचणी आली, तर तिची खुर्ची सॅम्पलच्या टेबलाशी नव्हती. ती खाली, दोरे कापायच्या टेबलाशी नेऊन ठेवली होती.

ती खाली गेली. खुर्चीवरची धूळ झटकली, बसली आणि कात्री उचलली. शेजारची नवी मुलगी घाबरत म्हणाली, “काकू, तुम्हाला वाईट नाही वाटत?”

“वाटतं ना. पण सही केली असती तर याहून वाईट वाटलं असतं. दोरा मुळाशी काप, असा अर्धवट नको.”

दोन दिवस गेले. वरच्या मजल्यावर नवं सॅम्पल शिवताना त्या पतंगाच्या तुकड्याचे कोपरे कुणालाच जमेनात. कोपरा वळवताना कापड गोळा व्हायचं, उसवायला गेलं की भोकं. अकरा नग वाया गेले. तिसऱ्या दिवशी मॅनेजर स्वतः खाली आले.

“बाई, वर या.”

“येते की.” टाचणी उठली नाही. “पण खुर्ची मी खाली आणली नव्हती.”

“शिपायाला सांगतो.”

“शिपायानं कुठं हुकूम दिला होता?”

दोरे कापणाऱ्या सगळ्या कात्र्या थांबल्या. मॅनेजरांनी इकडेतिकडे पाहिलं. वर अकरावा नग टेबलावर पडलेला होता, आणि बारावा मशिनीत. टाचणी उभी राहिली तशी त्यांनी खुर्ची उचलली.

जिना अरुंद. खुर्ची भिंतीला अडकायला लागली, म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. तसा त्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट पट्ट्यातून सुटला आणि पाठीवर वर चढला.

मागून चढणारी टाचणी दोन पायऱ्या खाली थांबली.

“साहेब,” तिनं अगदी आपुलकीनं विचारलं, “काखेत काचतंय का?”