भेंडी झाली, पण कढई चढली न्हाय

मैत्रिणींनो, वडिलांनी तेल कमी खावं म्हणून आमच्या लेकीनं पुण्याहून एअर फ्रायर पाठवलाय. आज उमरग्यात आमच्या घरी त्यात पहिल्यांदाच भेंडी केली. लई कुरकुरीत झाली. ह्यांनी दोनदा मागून घेतली.

भेंडीची कढई भाकरीनं पुसून खायची, तो मान लहानपणापासून लेकीचा. ती पुण्याला गेल्यापासून तो घास मी खाते. आजही सवयीनं भाकरीचा तुकडा घेऊन उठले, तर फ्रायरचं भांडं कोरडं ठाक!

लेकीला फोन केला. "भेंडी चांगली झाली गं," म्हणाले.

ती हसून लहानपणीसारखंच म्हणाली, "आई, कढई घासू नको, मी आलेच!"

आज कढई चढलीच न्हाय, हे मला सांगवलं न्हाय. तुम्ही सांगितलं असतं का?