मशीनमधली आखाजी

नूतनला एका जागी बसवायचं असेल तर तिच्यापुढे बिघडलेलं मशीन ठेवावं, असं आम्ही तिच्या तोंडावर म्हणायचो. तेही पुरतं खरं नव्हतं. मशीन बिघडलं की ती एक पाय खुर्चीवर घेऊन बसायची, लगेच उठायची, खिडकीतून मेहरूणच्या तलावाकडे बघून यायची, पुन्हा बसायची. चहा तर तिनं कधी गरम प्यायलाच नाही. मी त्याच केंद्रात इंग्रजी शिकवतो. माझ्या वर्गाची भिंत तिच्या लॅबला लागून, त्यामुळे तिच्या येरझाऱ्या मला पाठ.

केंद्र अभयकुमारांचं. खाली त्यांचं कापडाचं दुकान, वर संगणक परीक्षा केंद्र. कंपन्या नोकरीसाठी मुलामुलींची प्रात्यक्षिक परीक्षा इथे घेतात. नूतनचं काम असं, की संगणकाच्या आत एक नमुन्याचा संगणक तयार करायचा. त्याला टेम्प्लेट म्हणतात. परीक्षेच्या दिवशी त्याच्या हव्या तेवढ्या प्रती काढायच्या आणि प्रत्येक मुलापुढे एकेक द्यायची. कुणी कॉपी करू नये म्हणून या प्रतींना इंटरनेट अजिबात नसतं. त्यामुळे मूळ नमुन्यात एक खोट राहिली, की ती सगळ्यांपुढे जाते आणि बाहेरून दुरुस्त होऊन येत नाही.

यंदा नूतनला एकच गोष्ट हवी होती. आखाजीला आईकडे जायचं. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, आणि त्या दिवशी सासुरवाशीण माहेरी नसेल तर गल्लीत विचारणा होते. नूतनच्या नशिबी दर वर्षी नेमकी त्याच सुमाराला परीक्षा. पण या वर्षी तिचे वडील गेले होते. नरडाण्याजवळच्या खेड्यात आई, मंजुळाबाई, एकटी. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या नावानं पितरांची पहिली घागर भरायची होती. फोनवर आई एवढंच म्हणाली होती, "औंदा तरी ये व माय. बठ्ठ्या पोरी येतस, सगळ्या, तूच नही." फोन ठेवल्यावर नूतन जिन्यात बसून रडली, आणि कुणी बघायच्या आत उठून कामाला लागली.

परीक्षा आखाजीनंतर होती, म्हणून ती निर्धास्त होती. टेम्प्लेट आखाजीच्या मुहूर्तावरच करायचं, असा अभयकुमारांच्या आईचा, तारादेवींचा, आग्रह होता. त्यांना आम्ही सगळे माँजी म्हणतो. मारवाड्याघरी आखातीज, कुणब्याघरी आखाजी, मुहूर्त एकच. नूतन घागर भरून दुपारी गावाहून येऊन ते करणार होती. मग कंपनीनं परीक्षा अलीकडे ओढली, थेट आखाजीच्या आधी. अभयकुमार होकार देऊन मोकळे झाले आणि माँजींनी अबोला धरला. सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला, तेव्हा तो अबोला परवडणारा नव्हता. शेवटी तोड माँजींनीच काढली. पंचांगात नाही तर नाही, निदान मशीनच्या घड्याळात तरी मुहूर्त लागू दे. नूतन हसली. तिनं त्या नमुन्याचं घड्याळ पुढे ढकलून आखाजीची सकाळ लावली, माँजींनी कुंकू लावलं, टेम्प्लेट तयार झालं आणि तिनं घड्याळ परत जागेवर आणलं. सगळे खूश.

परीक्षेच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम घेतली. प्रती उघडल्या. टर्मिनल, म्हणजे हुकूम लिहायची ती काळी खिडकी, उघडली आणि पहिल्याच हुकमाला लाल अक्षरं आली. आतल्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही. दुसऱ्या प्रतीतही तेच, तिसऱ्यातही तेच. नूतननं केबली उपसल्या, पत्ते तपासले, आतलं जाळं मोडून पुन्हा बांधलं. नेट तोडलेलं, म्हणजे दोष जाळ्यातच असणार, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दुपारी जेवणाचा डबा उघडून तसाच झाकला. अभयकुमार सारखे वर यायचे. एकदा हळूच म्हणाले, घटकाभर इंटरनेट जोडून बघू, कुणाला कळतंय? ती त्यांच्यावर अशी काही वसकली, की मालक गुमान जिना उतरले. कंपनीनं बाहेरच्या वायरीला सील लावलं होतं. ते तुटलं असतं तर परीक्षा धुळ्याला गेली असती आणि केंद्राचं नाव बुडालं असतं.

ऊन उतरता उतरता ती माझ्या वर्गात आली आणि फळ्याजवळ उभी राहिली. वर्ग सुटला होता. म्हणाली, "सर, लाल ओळींची शेवटची ओळ मी सकाळपासून वाचलीच नाही. आतला सर्व्हर स्वतःची ओळख म्हणून जो दाखला देतो, तो टेम्प्लेटबरोबरच तयार झाला, आणि तो अजून लागूच झालेला नाही म्हणतोय. आखाजीपासून लागू आहे."

मला हसू आलं, तिला आलं नाही. देवाला केलेला नमस्कार कुणी कामात मोजत नाही, तसं तिनं ते घड्याळ कामात मोजलंच नव्हतं. सगळ्या प्रतींची घड्याळं पुढे ढकलली असती तर चाललं असतं, पण मुलांच्या उत्तरांवर खोटी तारीख पडली असती. टेम्प्लेट नव्यानं करणं भाग होतं, आजच. आणि आज अमावास्या होती. माँजी अमावास्येला केरसुणीसुद्धा विकत घेऊ देत नाहीत.

अभयकुमारांनी हात वर केले, आईला तूच सांग म्हणाले. नूतननं सांगितलं. माँजी कमरेची किल्ली चाचपत म्हणाल्या, उद्यापुरतं आज कर. पण कायमचं, वर्षभर चालायचं टेम्प्लेट खऱ्या मुहूर्तावर, या वेळी आखाजीला सकाळीच, इथेच झालं पाहिजे.

नूतनचा चेहरा पडला. ती कधी कुणापुढे गयावया करत नाही. नुसती म्हणाली, "आबांची पहिली घागर आहे, माँजी."

माँजींनी किल्ली काढून तिच्या हातात दिली. "मग तू जा. मुहूर्ताला मी बसेन मशीनवर. तू फोनवरून सांग."

परीक्षा नीट पार पडली. आखाजीला सकाळी मी माँजींच्या शेजारी बसलो, पण कळफलकाला हात लावायची मला बंदी होती. नूतन नाही, तर मुहूर्ताला हात घरच्या माणसाचाच हवा. फोन टेबलावर उघडा. तिकडून नूतन एकेक अक्षर सांगत होती, इकडे माँजी चष्मा सावरत एका बोटानं ते दाबत होत्या. चुकलं की स्वतःलाच रागे भरत होत्या. नूतनचा श्वास ऐकू येत होता. ती अंगणात फेऱ्या मारत होती, हे मला न बघता कळलं.

शेवटचा हुकूम दाबला. माँजी घाबरल्या. "बेटा, काहीच नाही आलं. नुसती रेघ लुकलुकते आहे."

"काही आलं नाही म्हणजे झालं, माँजी. चुकलं की ते बोलतं." माँजींनी पडद्याला कुंकू लावलं. मी फोन बंद करायला हात पुढे केला तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"ठेवू नका. तिकडे पोरी गातायत."

खरंच, लांबून झोक्यावरची गाणी येत होती. माँजी म्हणाल्या, भाऊ गेल्यापासून त्यांना कुणी आखातीजेला बोलावलं नव्हतं. त्या रडत होत्या आणि त्यांनी ते लपवलं नाही.

नूतननं ते ऐकलं असणार. आईनं तिला घागर भरायला हाक मारली. तिनं फोन चालूच ठेवला, झोक्याजवळच्या ओट्यावर नेऊन ठेवला आणि आत गेली.