मखमली डबीतलं पेन

फलकासमोर थांबलेल्या वाचनालयाच्या मित्रांनो, तासाभरापूर्वी मी मालाडच्या एका दुकानातून हात हलवत परत आलोय.

आपले सावंत गुरुजी रविवारी निवृत्त होतायत. आपलं हस्तलिखित मासिक त्यांनी वर्षानुवर्षं एकाच पेनाने लिहिलं आणि आता त्या पेनाला चीर गेली. कंपनीने तेच जुनं पेन मखमली डबीत घालून पुन्हा काढलंय म्हणून भेटीला ते द्यायचं ठरलं. हात वर करणाऱ्यांत पहिला मीच होतो. चूक कबूल.

दुकानात मी सवयीने शाई मागितली.

"निब बुडवली की परत घेणार नाही, साहेब," विक्रेता म्हणाला.

"अरे, लिहून बघितल्याशिवाय पेन कोण घेतं?"

"हे लिहायला कोण नेतंय? शोकेसमध्ये ठेवतात ना."

मी हटलो नाही, तेव्हा त्याने नमुन्याचं पेन पुढे केलं. मी गुरुजींचंच नाव लिहिलं. तीन अक्षरांत शिरोरेषा दोनदा तुटली. अंग पातळ प्लॅस्टिकचं, निबेवर सोनेरी मुलामा. जुन्यातलं उरलंय ते टोपणावरचं नाव. असल्या वस्तूला पेन म्हणणं हा लिहिणाऱ्यांचा अपमान आहे.

घाटकोपरला एक कारागीर चिरलेल्या पेनाला लेथवर नवी नळी कातून देतो. गुरुजींचं पेन घेऊन मी उद्या त्याच्याकडे जाणार आहे.

ज्यांना अजूनही ती डबीच द्यायची आहे, त्यांना एकच विचारतो: ती दिल्यावर "गुरुजी, पुढचा अंक यानेच लिहा" असं म्हणायची हिंमत तुमच्यापैकी कुणात आहे?